उजवीकडची गोणी

आईनं कासरा ओढला, तोंडानं चुचकारलं, मानेवर थाप मारली, तरी पाखरी जागची हलली नाही. बाकीच्या घोड्या चरत चरत ओढ्याकडे सरकल्या होत्या आणि ही एकटी ऐनाच्या झाडाखाली पुढचा उजवा पाय जरासा पुढं काढून उभी होती. खुराचं नुसतं टोक जमिनीला टेकलेलं. आईनं आणखी जोर लावला तेव्हा तिनं एक पाऊल टाकलं, मुंडी झटक्यानं वर उडवली आणि पुन्हा तशीच उभी राहिली.

मी तळावर, आमच्या बिऱ्हाडाच्या गोण्यांना टेकून बसले होते. तिथून मला आईचं तोंड दिसत नव्हतं, नुसती पाठ दिसत होती. ती खाली बसली, पाखरीच्या गुडघ्याखाली हात फिरवला आणि तिथंच बसून राहिली. कामाच्या वेळी बसून राहणाऱ्यातली माझी आई नव्हती. मी हाक मारली तरी तिनं मागं वळून पाहिलं नाही.

एक घोडी लंगडली, त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. आम्ही माणदेशातले मेंढके धनगर. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात यायचं, लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या आत घाट चढून परत जायचं. कोकणच्या पावसात मेंढरू जगत नाही. मिळून फिरणाऱ्या बिऱ्हाडांना आमच्यात वाडा म्हणतात. पुरुष मेंढरांमागं रानानं जातात आणि बायका घोड्यांवर संसार लादून वाटेनं जातात. भांडी, वाकळा, पीठमीठ, कोंबड्या, चालता न येणारी कोकरं, चालता न येणारी पोरं, सगळं घोडीच्या पाठीवर. पोरं चालायला लागली की खाली उतरतात. मी उतरले नाही. लहानपणी एक ताप आला आणि माझ्या दोन्ही पायांतलं बळ घेऊन गेला. तेव्हापासून पाखरी हेच माझे पाय. त्या वर्षी मी दहा-अकराची असेन. जमिनीवर असले की मी ढुंगणावर सरकत जायची, आणि पाखरीवर बसले की वाड्यातल्या सगळ्या पोरींपेक्षा उंच असायची. त्या उंचीवरून मी मिजासही पुष्कळ केली, खोटं कशाला सांगू.

घोडी लादणं हे आमच्यात बायकांचं काम, पुरुष त्यात लक्ष घालत नाहीत. दोन्ही अंगांना सारखं वजन पडावं लागतं, नाहीतर खोगीर फिरतं आणि घोडीची पाठ सोलते. म्हणून जातंसुद्धा सुटं करून नेतात, वरची दगडी तळी एका अंगाला आणि खालची दुसऱ्या. मला पायांनी धरून बसता येत नसे, म्हणून आई मला डाव्या अंगाला, लुगड्यानं बांधून बसवायची. माझ्यामुळं खालच्या तळीला जागा उरली नाही, ती सरूचुलतीच्या घोडीवर गेली, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. रोज सकाळी आई मला काखेत हात घालून उचलायची आणि वर बसवण्याआधी क्षणभर तशीच अधांतरी धरायची. मला ते फार आवडायचं. मला वाटायचं, तेवढाच वेळ तिला मला जवळ घ्यायला मिळतो.

तेव्हा पाखरी लंगडली म्हणजे नेमकं कोण लंगडलं, हे वाड्यात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

म्हाळूतात्या माझा थोरला चुलता आणि वाड्याचा कारभारी. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर त्याला मनातल्या मनात शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यानं येऊन पाय चाचपला. गुडघ्याखाली मागच्या बाजूनं शीर केळ्यासारखी फुगून आली होती आणि बोट लागलं की पाखरीचं सगळं अंग थरथरायचं. तात्या म्हणाला, डाग द्यायचा, परवाच्याला चालायला लागेल. आमच्यात जनावराचं काहीही दुखलं तरी डागच देतात, आणि पुष्कळदा ते जनावर चालायलाही लागतं, बिचारं दुसरं काय करणार. त्यानं चुलीतल्या निखाऱ्यांत विळा खुपसला.

माझी आई, कोंडाबाई, थोरल्या दिराशी कधी समोरासमोर बोलत नसे. काही सांगायचं झालं तर कुत्र्याला सांगितल्यासारखं करून त्याच्या कानावर घालायची. विळा लाल होईपर्यंत ती चुलीकडे बघत उभी राहिली. तात्यानं विळा उचलला तशी ती चालत गेली आणि त्याच्या नि पाखरीच्या मधे उभी राहिली.

"डाग देऊ नगासा, भावजी. तिच्यात खोट न्हाई."

"मग कुनात हाय?"

आईनं पदर आणखी पुढं ओढला. तात्यानं विळा मातीत खुपसला आणि माझ्या बापाला म्हणाला, तुझ्या बायकोचं तू बघ, वाडा परवा सकाळी हलणार. बाप मेंढरांकडे निघाला. तो मुळातच मेंढरांशी जास्त बोलायचा.

ज्याच्या शेतात आम्ही दरवर्षी मेंढरं बसवायचो त्या धाकू शिगवणाला हे कळलं. गुरांचे डॉक्टर त्या दिवशी शेजारच्या गावात लस टोचायला आले होते. धाकूकाका त्यांच्याच मोटारसायकलवर मागं बसून त्यांना घेऊन आला. डॉक्टर वयानं लहान होते पण हात शांत होता. पाखरीनं त्यांना पाय उचलू दिला. त्यांनी शीर वरून खालपर्यंत दाबून पाहिली, खूर ठोकून पाहिला आणि सांगितलं की हाड मोडलेलं नाही, शीर आतून फाटली आहे. पाय जितका वेळ जमेल तितका वेळ वाहत्या गार पाण्यात धरायचा, मग पट्टी बांधायची, जनावर मोकळं सोडायचं नाही आणि पाऊसकाळ संपेपर्यंत पाठीवर काडी ठेवायची नाही.

"आन घाट?" बापानं विचारलं.

"घाट चढवलीत तर घाटातच ठेवून यावी लागेल."

डॉक्टर हात धुता धुता आईला म्हणाले, "काय लादता हो हिच्यावर?"

"बिऱ्हाड. दुसरं काय लादनार?"

"तेवढंच?"

"पोरगी बसती कवाकवा," आई म्हणाली.

कवाकवा म्हणे. दिवाळीपासून मी रोज बसत होते. मी तोंड उघडणार होते, पण आईनं माझ्याकडे असं पाहिलं की ते तसंच मिटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, गोण्यांच्या ढिगाकडे पाहिलं आणि पिशवी बंद केली.

दिवेलागणीला तात्या आणि बाप गोण्यांच्या पलीकडे बसून बोलत होते. अलीकडे मी आहे हे त्यांच्या ध्यानात नव्हतं, किंवा असेलही. तात्या बिऱ्हाड वाटून देत होता, भांडी याच्या घोडीवर, वाकळा त्याच्या. ते सगळं झाल्यावर तो थांबला.

"पोरीचं काय करायचं, बिरा?"

"म्या घीन पाठीवर."

"आन मेंढरं कोन चढवंल? आपला बाप येनार हाय का वरनं?" तात्याचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "समद्या घोड्या भरल्याल्या हायत. पोरगी काय आता कोकरू ऱ्हायली न्हाई. जड झालीया."

एसटीनं पाठवायची तर जायचं कुणाकडं, गावाकडं घराला कुलूप, हेही त्यांचं बोलून झालं. मग तात्यानं शहरातल्या एका बोर्डिंगचं नाव काढलं. तिथं अशी पोरं ठेवून घेतात म्हणे. सणासुदीला जाऊन बघून यायचं. बापानं वाकळांची दोरी पुन्हा आवळली.

मला बोर्डिंग म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मला फक्त जड हा शब्द लागला. त्या संध्याकाळी मी अर्धी भाकरी खाल्ली आणि अर्धी हळूच आमच्या वाघ्या कुत्र्याला घातली. दुसऱ्या दिवशी पाऊण घातली. हलकं झालं की सरूचुलतीच्या घोडीवर कुठंतरी कोपऱ्यात मावेन, असं माझं चाललं होतं. वाघ्या खूश होऊन माझ्या मागंमागं फिरायला लागला.

सकाळी आईनं मला पाठीशी बांधलं आणि कुणाला काही न सांगता ओढ्याकडं निघाली. आई बुटकी, हाडानं बारीक. ओढा उतरली, पलीकडची दरड चढली, वळली आणि परत आली. वाड्यातल्या बायका आपापल्या कामात असल्यासारखं दाखवत तिच्याकडेच बघत होत्या. दरड चढताना तिचे गुडघे लटपटत होते ते मला माझ्या अंगात कळत होतं. तिच्या श्वासाला घरघर लागली होती. तळावर येऊन तिनं मला उतरवलं आणि कुणीही काही विचारलं नसताना म्हणाली, "जमतंया." सरूचुलतीनं तोंड फिरवलं. घाट त्या दरडीच्या किती पट होता ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

दुपारी चुलत्या येऊन आमचं सामान उचलून नेऊ लागल्या. डावीकडची गोणी गेली, वाकळा गेल्या. उजवीकडच्या गोणीला सरूचुलती हात घालणार तोच आई ओढ्याकडून ओरडली, तिला हात लावू नका, ती माझी मी बघते. चुलती बोटं मोडत निघून गेली. मला आठवलं, उजवीकडची गोणी आई कायम एकटीच चढवायची आणि एकटीच उतरवायची. उतरवताना कुणी मदतीला आलं तर खेकसायची.

आता टेकायला तेवढी एकच गोणी उरली होती. मी तिला ओढून जवळ घ्यायला गेले. माझे हात बळकट, पायांचं सगळं काम तेच करायचे. पण ती गोणी हलेना. मी तोंडाची दोरी सोडली आणि वाकळ बाजूला केली. वर जात्याची वरची तळी होती. तिच्याखाली पोतं घालून, नीट गुंडाळून, खालची तळी होती.

ती सरूचुलतीच्या घोडीवर असायला हवी होती. आईनं ती कधीतरी गुपचूप मागून घेतली असणार. मी ती दोन दगडं बघत राहिले आणि मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात चढत गेली. डाव्या अंगाला मी वाढत होते, तशी खोगीर फिरू नये म्हणून उजवीकडं आई भर घालत होती. धोंडा घातला असता तर कुणाच्याही नजरेला आला असता. बिऱ्हाडात जातं असणारच, ते कोण उघडून बघतंय. आणि रोज सकाळी मला उचलून क्षणभर अधांतरी धरायची, तेव्हा ती माझं वजन बघायची.

आई ओढ्यात पाखरीचा पाय धरून बसली होती. मी सरकत तिथवर गेले. तळहात सोलले. पाखरीनं मान वळवून माझा खांदा हुंगला, नेहमीसारखा. तेव्हा मात्र माझा धीर सुटला.

"आये, दोन्ही तळ्या उजवीकडं हायत."

आईचे हात पाण्यात थांबले.

"माझ्यापायी झालं का हे?"

"तुझ्यापायी न्हाई." तिनं पाखरीच्या पायावर पाणी सोडलं. "माझ्यापायी झालं. पोरगी जड झाली म्हनून भावजींनी वळीखलं असतं तर गेल्याच साली तुला ठिवून जा म्हनलं असतं. मला तू संगं पायजे हुतीस. घोडीचा इचार म्या केला न्हाई."

मग ती रडली. माझ्या आईला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तिला ते नीट जमतही नव्हतं, ठसका लागल्यासारखी रडत होती आणि एका हातानं पाखरीचा पाय तसाच पाण्यात धरून ठेवला होता. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. सकाळी मी त्याच पाठीवर होते. उद्या घाटात ही पाठ मोडेल आणि तिलाही कुणी वाली असणार नाही, हे मला त्या वेळी स्वच्छ दिसलं. एकीचा पाय जायबंदी झाला होता. आता दुसरीची पाठ मोडू द्यायची नव्हती.

संध्याकाळी वाडा एकत्र बसला. धाकूकाकाही आला होता. पाखरीला तो पावसाळाभर आपल्या गोठ्यात ठेवणार होता, पण रोज पाय पाण्यात धरून बसायला त्याला माणूस नव्हतं. लावणीच्या दिवसांत कोकणात कुणाचा हात मोकळा असतो? तात्या म्हणाला, मग देवाच्या नावानं सोडून द्यायची, जगली तर जगली.

मी म्हणाले, "म्या ऱ्हाते पाखरीसंगं."

कुणी ऐकलं नाही. मी पुन्हा मोठ्यानं म्हणाले. "बसून करायचं काम हाय. मला बसताच येतं."

बाप पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होता. आई म्हणाली, "न्हाई." मी म्हणाले, "व्हय." बाकी काही बोलायची गरज नव्हती, दोघींनाही सगळं कळलेलं होतं. तळ्यांचं मी कुणाला सांगितलं नाही. धाकूकाका डोकं खाजवत म्हणाला, "पडवी हाये आमची. आमची चार खातात त्यात पाचवी खाईल. पोरीची जात हाये, आमची बायको सांभाळील, तुमी चिंता करू नुको, कोंडावैनी." तात्यानं डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि धाकूकाकाकडे बघून मान डोलावली.

सकाळी उजाडताना वाडा हलला. बापानं त्याआधीच ओढ्यात चपटे दगड रचून मला बसायला जागा केली होती, पाठीला टेकण आणि पाखरीला बांधायला खुंट. ते मला दाखवलं आणि मेंढरांमागं गेला. आई शेवटी राहिली. तिनं ती उजवीकडची गोणी उघडली, खालची तळी काढली आणि शिगवणांच्या पडवीत माझ्या वाकळेशेजारी नेऊन ठेवली. वरची पाठीशी बांधून घेतली.

"ही हितं ऱ्हाऊ दे. तळीबिगार जातं फिरत न्हाई. दिवाळी झाली की येते."

"तवर कशावर दळशील?"

"लोकाच्या जात्यावर."

ती गेली. मी पडवीतून बघत होते. शेतं संपून झाडी लागली तिथं ती दिसेनाशी झाली. मी त्या तळीवर कपाळ टेकून पडले आणि धाकूकाकाच्या बायकोनं, शेवंताकाकीनं, तांदळाची भाकरी पुढं ठेवली तरी उठले नाही. पण पाय पाण्यात धरायची वेळ झाली तेव्हा पाखरी गोठ्यातून खिंकाळली, आणि कामाला कुणीतरी लागतंच, म्हणून मी उठले.

तो पावसाळा कसा गेला ते सांगण्यासारखं थोडंच आहे. ओढ्याला पूर आला की धाकूकाकाचे पोरगे पन्हळीखाली पाखरीला उभी करायचे आणि मी पाय धरायची. शीर महिनाभर तशीच राहिली. पाखरी आडवी पडली की आता ही उठत नाही असं वाटायचं, आणि ही गेली तर मी इथं कुणाची कोण, या विचारानं मला झोप लागायची नाही. मी तिच्याशी भांडायची, तिला दम द्यायची. पुढं सूज हळूहळू बसली. गाठ राहिली आणि लंगडही थोडी राहिली. मधल्या काळात काकीनं मला भातावर भात वाढून वाढून पुरतं कोकणातलं करून टाकलं, आणि तिच्या धाकटीच्या पाटीवर मी अक्षरं गिरवली. मी त्या गावातून पुन्हा वाड्याबरोबर गेले नाही. आज तिथंच माझी पिठाची गिरणी आहे. दिवसभर काट्याजवळ बसते, येईल तो डबा वजन करून घेते. या धंद्यात मी कशी पडले असं लोक विचारतात. मी सांगते, आमच्या आईचाच धंदा.

त्याच वर्षी दिवाळीनंतर वाडा घाट उतरला तेव्हा मी ओढ्याकाठी बसले होते आणि पाखरी शेजारी चरत होती. आई सगळ्यांच्या पुढं होती. पाठीशी वरची तळी बांधलेली. ती पाखरीकडं गेली नाही. सरळ माझ्याकडं आली, तळी उतरवून गवतात ठेवली, माझ्या काखेत हात घातले आणि मला उचललं. क्षणभर तशीच अधांतरी धरली.

मग तिचे हात थरथरायला लागले. तिनं धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण आम्ही दोघी मिळून गवतात बसलो.

"भरलीस गं," ती म्हणाली. "न्हाई उचलत आता मला."

आणि ती हसायला लागली. इतकी हसली की ओढ्यापलीकडं मेंढरं वळवणारा बाप थांबून बघत राहिला.